फाल्गुनी पौर्णिमेनंतर खिजडियाला जाणे उशिराचे ठरेल का?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा):
सप्रेम नमस्कार. यंदाचा हिवाळा आम्ही डभोईजवळच्या वढवाणा तलावावर घालवला, त्यामुळे थापट्या बदक आणि वारकरी हे पाणपक्षी आता दुरूनही ओळखू येतात. धूळवडीच्या सुट्टीत जामनगरजवळच्या खिजडिया अभयारण्यात एक दिवस काढावा, असे मनात आहे. परंतु घरच्यांच्या मते तोवर पाहुणे पक्षी परतू लागलेले असतात आणि एवढा लांबचा प्रवास व्यर्थ जाईल. शिवाय दोन वर्षांपूर्वी अष्टमीच्या सुमारास गेलो असता समुद्राकडील बाजूस दूरवर करडे ठिपके तेवढे दिसले. जावे की पुढच्या मार्गशीर्षाची वाट पाहावी?

उत्तर १ (रावपुरा):
अवश्य जावे. क्रौंच कदाचित निघून गेले असतील, पण चिखलावर चरणाऱ्या पक्ष्यांना ओळखण्यास हाच काळ सोयीचा आहे, कारण हिवाळ्यात एकसारखे करडे दिसणारे हे पक्षी परतण्यापूर्वी विणीचा पिसारा धारण करू लागतात: पाणटिवळ्याची मान विटकरी होते, छोट्या चिखल्याच्या छातीवर तांबूस पट्टा उमटतो आणि डोळ्यामागे नुसता काळसर डाग मिरवणाऱ्या कुरवाचे डोके गडद तपकिरी होते.

ठिपक्यांचे कारण मात्र ऋतू नव्हे, तिथी. अष्टमीला भांगाची भरती असते. पाणी फारसे चढत नाही आणि पक्षी दूर चिखलावरच पांगलेले राहतात. धूळवड म्हणजे पौर्णिमेचा दुसरा दिवस, ऐन उधाणाचा. तेव्हा चिखल पाण्याखाली जातो आणि चरायला जागा न उरलेले थवे मिठागरांत व गोडे-खारे पाणी वेगळे राखणाऱ्या बंधाऱ्याच्या आसपास विसाव्याला येतात. त्या सुमारास तिकडे भरती दुपारी असते. मात्र मुंबईची वेळ धरू नये, कारण कच्छच्या आखाताच्या तोंडाशी ओख्याला आलेले पाणी आत जामनगरकडे पोहोचण्यास वेळ लागतो.

म्हणून सकाळी बंधाऱ्याच्या गोड्या पाण्याकडील बाजूस बसावे आणि भरतीच्या तासभर आधी खाऱ्या बाजूस यावे. सूर्य पाठीशी असू द्यावा. उन्हे तापल्यावर मिठागरावरची हवा थरथरू लागते आणि महागड्या दुर्बिणीतूनही पक्षी पाण्यात हलल्यासारखा दिसतो, तेव्हा जवळच्याच थव्यांवर समाधान मानावे.

उत्तर २ (मांडवी):
काका, उधाणाच्या दिवशी ओहोटीही तितकीच खोल असते, म्हणून सकाळी वाडीनारजवळच्या नराऱ्याला जाता येईल. सागरी राष्ट्रीय उद्यानाचा तो भाग आहे, वनखात्याची परवानगी लागते. तेथे खेकडे टिपणारा काळा-पांढरा क्रॅब प्लोव्हर ओहोटीतच नीट पाहता येतो. खिजडियाच्या आधी मी तोच पाहीन.

उत्तर १:
पक्षी निःसंशय देखणा आहे, पण एका दिवसात दोन्ही ठिकाणे करण्याच्या मी विरोधात आहे. नराऱ्यात चालता चालता ओहोटी कधी फिरली ते कळत नाही आणि मग खिजडियाची भरती रस्त्यातच निघून जाते. हा अनुभव स्वतःचा आहे.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. अष्टमीचा खुलासा वाचून घरच्यांचा विरोध मावळला. आम्ही आदल्या रात्री जामनगरला मुक्काम करून धूळवडीला खिजडियालाच थांबू; नराऱ्यासाठी पुढच्या अमावस्येची सुट्टी शोधतो आहे.