क्रिकोव्हाचं तळघर बारमाही गार कसं?

नान्नजचा_बागायतदार: आमची द्राक्षं बेदाण्याला जातात. उन्हाळ्यात पारा ४२च्या वर गेला की कोल्ड स्टोरेजचं भाडं जीव काढतं. पुतण्यानं पूर्व युरोपातल्या मोल्दोव्हा देशातल्या क्रिकोव्हाच्या वाइन-तळघराचा व्हिडिओ दाखवला. आत रस्ते, रस्त्यांना द्राक्षांची नावं! हे मुळात खोदलं कशासाठी? आपल्याकडं जमेल का?

चुनखडी: काका, ती चुनखडीची खाण. तो दगड राजधानी किशिनेव्हच्या बांधकामाला गेला. रिकाम्या बोगद्यांत १९५२पासून वाइन ठेवतात. लांबी सुमारे १२० किलोमीटर, म्हणजे सोलापूरहून विजापूर गाठून वर उरेल! पाहुण्यांना विजेच्या गाडीतून फिरवतात. १९६६ला पहिले अंतराळवीर युरी गागारीनही येऊन गेले.

वाड्यातली_ताई: आमच्या वाड्यात ज्वारीचं पेव होतं. वर ऊन रणरणायचं, खाली हाताला गारवा लागायचा. (उघडल्यावर आजोबा लगेच कुणाला उतरू देत नसत, कोंडलेली हवा जीव घेते.) पण खोल जमिनीचं तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं. तिकडं थंडी कडक, म्हणून आत १२-१४ अंश. आपली सरासरीच २७च्या आसपास, कितीही खोदा, तेवढं गार होणार नाही. शिवाय तिथली हवा फार दमट. बाटलीचं बूच त्यानं ओलं राहतं, वाइनला ते हवंच. बेदाण्याला मात्र बुरशी धरेल.

नान्नजचा_बागायतदार: ताई, बरं झालं विचारलं. शेडमागं खड्डा घ्यायला जेसीबी सांगून ठेवला होता, आत्ताच नको म्हणून कळवतो.