मदत हवी आहे: ठासणीची जुनी बंदूक घ्यायची आहे, नळी-घोडा कसा तपासावा?

नमस्कार मंडळी. मी हिंगोली जिल्ह्यातला, कळमनुरी तालुक्यातला शेतकरी. आमचं रान माळाला लागून आहे आणि रानडुकरांनी जीव मेटाकुटीला आणलाय. हुरड्यात आलेली ज्वारी एका रात्रीत आडवी करतात, भुईमूग नांगर फिरवल्यासारखा उकरून टाकतात. झटका मशीन लावली, बांधाला साड्या बांधल्या, आळीपाळीनं जागल केली. चार दिवस फरक पडतो, मग कळप पुन्हा हजर.

पीक संरक्षणासाठी ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीचा परवाना मिळावा म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दिलाय. पोलीस चौकशी झाली, परवाना अजून हातात यायचाय. डुकरं मारायची नाहीत, नुसता बार काढून हुसकवायची आहेत.

शेजारच्या गावात एक आजोबा आहेत, त्यांच्याकडे परवान्याची एकनळी बंदूक आहे. नजर अधू झाली म्हणून विकायची म्हणतात. त्यांच्या ओसरीवर, त्यांच्यासमोरच पाहिली. नळी बाहेरून चांगली वाटली. पण घोडा आपटला की ठिणगी देणारी टोपी जिच्यावर बसते, त्या निपलभोवतीचं लोखंड खड्डे पडून खाल्लेलं आहे. दस्ता जिथं मुठीत येतो तिथं तांब्याची तार गच्च गुंडाळलीय. आजोबांनी घोडा अर्धा ओढून दाखवला, तो राहिला. पण मागून अंगठ्यानं जरा रेटला की चाप न ओढताच खाली पडला. बाजूच्या पट्टीवर मुकुटाचा छाप आणि खाली 'टॉवर' असं इंग्रजीत कोरलेलं आहे.

आजोबांचं म्हणणं, ही हिंगोलीच्या छावणीतली इंग्रजी पलटणीची रायफल आहे, म्हणून भावही तसाच सांगतात. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रज अधिकाऱ्यांनी चालवलेल्या फौजेची, छावणी होती हे खरं. पण ही खरंच रायफल आहे का, हे ओळखायचं कसं? आतली नळी कशी बघायची? मागून बंद असल्यामुळे आरपार काही दिसत नाही. आणि ते इसार मागतायत, तो द्यावा का? जाणकारांनी कृपया सांगावं, घरात लहान लेकरं आहेत.

प्रतिसाद (जालना):
भाऊ, बाकी सगळं नंतर, आधी ती भरलेली आहे का ते बघा. आजोबांनाच ठासायचा गज हळूच नळीत सोडायला सांगा, चेहरा नळीच्या तोंडावर आणू नका आणि निपलवर टोपी नाही याची आधी खात्री करा. गज टेकला की नळीच्या तोंडाशी त्यावर खडूनं खूण करा. मग गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी धरून ठेवा. रिकाम्या बंदुकीत गजाचं टोक निपलच्या आसपास पोचतं. चार बोटं अलीकडंच थांबलं तर आत काहीतरी ठासलेलं आहे. काळी दारू कोरडी राहिली तर कितीही वर्षांनी पेटते. घरात पडून असलेल्या बंदुकीवर कधीही विश्वास ठेवू नये.

घोड्याचं जे सांगितलंत ते फार गंभीर आहे. घोडा अर्धा ओढून ठेवला की ती सुरक्षित जागा, तिथं चाप ओढला तरी तो पडता कामा नये, इथं तर नुसत्या रेट्यानं पडतोय. आतली खाच झिजलीय किंवा तुटलीय. परवानाधारक कारागिराकडून ते दुरुस्त झाल्याशिवाय बंदूक घेऊ नका. निपलभोवतीचे खड्डे म्हणजे बार काढल्यावर वेळेवर न धुतल्याची खूण. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळल्यावर राखेच्या रूपात मागं राहतो, ती राख हवेतली ओल ओढते आणि लोखंड खाते. बाहेर एवढं असेल तर आत, बुडाशी, जास्त असणार. बंदूक रिकामी आहे हे पक्कं झालं की दोऱ्याला बांधून बारीक एलईडी दिवा नळीत सोडा आणि तोंडापासून थोडं लांब राहून तिरकं बघा. मग घट्ट चिंधी गजानं फिरवा, जिथं खरखर लागेल तिथं गंज. मधेच एकदम सैल गेली तर नळी तिथं फुगलीय. अशी बंदूक फुकट दिली तरी घेऊ नका.

तारेखाली दस्ता चिरलेला असणार. तार सोडूनच बघा.

प्रतिसाद (नांदेड):
रायफलचं सांगतो. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, दिवा सोडला की त्या दिसतात का बघा. १८५३ च्या एनफिल्ड रायफलला तीन खाचा असतात, नळीचं तोंड ०.५७७ इंच. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांना बाहेरून तशाच दिसणाऱ्या, पण आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. त्यामुळं इंग्रज सरकारी बंदुकांवरच्या 'टॉवर'च्या छापावरून ती रायफल आहे असं सिद्ध होत नाही, आणि असे छाप गावठी कारागिरांनीही मारलेले आहेत. छाप बघून जादा पैसे देऊ नका.

कागदाचं: परवाना हातात येईपर्यंत बंदूक घरी आणू नका, सांभाळायला म्हणूनसुद्धा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार आजोबांनी विकण्याआधी जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि ४५ दिवस जाऊ द्यायचे. त्यांचा परवाना चालू आहे का आणि त्यावरचा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी जुळतो का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. इसार मी तरी देणार नाही, परवाना नाकारला गेला तर पैसे अडकतात. आणि हुसकवणं वेगळं; डुक्कर मारायचं झालं तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

मूळ धागाकर्ता:
जालन्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणं आजोबांनी आज गज टाकून बघितला. टोक निपलपासून चार बोटं अलीकडंच थांबलं. कधी ठासली होती ते त्यांनाही आठवेना. त्यांचा मुलगा म्हणत होता टोपी लावून बांधावर बार काढून टाकू, आम्ही थांबवलंय. आता काय करावं?

प्रतिसाद (जालना):
बार अजिबात काढू नका, त्या खाल्लेल्या बुडाचा भरवसा नाही. गजानं उकरायचा प्रयत्नही नको. तोंड माणसांकडं येणार नाही अशा जागी कुलपात ठेवायला सांगा. आजोबांनी परवानाधारक दुकानदाराला आधी फोन करून 'भरलेली आहे' हे स्पष्ट सांगावं आणि तो सांगेल तसंच करावं. न्यायची झाली तर आजोबांनीच न्यावी, परवाना त्यांच्या नावावर आहे. तुम्ही हात लावू नका. कारागीर बूड उघडून आतलं काढेल तेव्हा नळीची खरी अवस्था कळेल. भावाचं बोलणं त्यानंतरच करा.