मदत हवी आहे: ५० मिमी एफ १.८, जुनी ‘डी’ घेऊ की नवी ‘जी’?

नमस्कार मंडळी,

दोन आठवडे डोकं खाजवून झालं, आता तुम्हालाच विचारते. निकॉनची ५० मिमी एफ १.८ लेन्स घ्यायची एवढं पक्कं आहे. तिच्या जुन्या (‘डी’) आणि नव्या (‘जी’) आवृत्तीतली कुठली, तिथे गाडी अडली आहे.

माझ्याकडे डी ७२०० कॅमेरा आहे आणि त्याच्यासोबत आलेली १८-१४० झूम. दिवसाउजेडी तिच्याबद्दल काही तक्रार नाही. पण संध्याकाळी घरात माणसांचे फोटो काढायला गेले की ५० मिमीपाशी ती एफ ५ च्या आसपास जाऊन बसते (एफचा आकडा मोठा, तितकं लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, लहान), आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ६४०० वर चढतो आणि चेहऱ्यावर वाळू भुरभुरल्यासारखी दिसते. एफ १.८ ला जवळजवळ आठपट उजेड आत येतो, म्हणजे त्याच खोलीत ८०० वर भागेल. हिशोब सरळ आहे.

ओळखीच्या एका गृहस्थांकडे डी पडून आहे, ती त्यांनी चार दिवस वापरून बघायला दिली. लावली, कॅमेरा सुरू केला, तर स्क्रीनवर ‘एफईई’ अशी अक्षरं लुकलुकायला लागली आणि शटर ढिम्म. मला वाटलं, हातात घेतल्या घेतल्या मोडली. बाबांनी लेन्स माझ्या हातून घेतली, अ‍ॅपर्चरची रिंग नारिंगी २२ पर्यंत फिरवली, शेजारचं नखाएवढं लॉक सरकवलं आणि काही न बोलता परत दिली. मग चालली. फोकसला मात्र असा कर्रर्र आवाज की कोचावर झोपलेलं मांजर उठून गेलं. एफ १.८ ला खिडकीसमोर फोटो काढला तर पडद्याच्या कडेला दुधट झाक आली. २.८ ला ती बरीचशी गेली, पण मागच्या दिव्यांचे गोल सातकोनी झाले.

‘जी’ लेन्स मैत्रिणीकडे आहे, ती एक दुपारभर वापरली. आवाज जवळजवळ नाही, आणि ऑटोफोकस चालू असतानाही हाताने रिंग फिरवता येते, हे फार आवडलं. पण काळ्या पाटीवरच्या पांढऱ्या अक्षरांचा तिरका फोटो काढला तेव्हा पुढच्या अक्षरांना जांभळट आणि मागच्यांना हिरवट कड दिसली.

आता खरी गुंतागुंत. धाकट्या बहिणीकडे डी ५६०० कॅमेरा आहे आणि माझ्या वस्तू तिच्याच असतात. बाबा अजून एफएम २ या फिल्म कॅमेऱ्यात रोल घालतात. डीची रिंग बघून ते नुसतं “हिला रिंग आहे बरं का” एवढंच म्हणाले, पण ज्या सुरात म्हणाले तो सुर मला ऐकू आला. तीन कॅमेरे आणि लेन्स एकच. काय करू?

प्रतिसाद १

बहीण वापरणार असेल तर जी. डी ५६०० मध्ये फोकसची मोटर नाही, त्यावर डी फक्त हाताने फोकस होईल. विषय संपला.

प्रतिसाद २

इतक्या पटकन संपत नाही हो. मी दोन्ही वापरल्या आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

डीमध्ये स्वतःची मोटर नाही. बॉडीच्या माउंटवर एक बारीक स्क्रू दिसतो, तोच लेन्सच्या आतलं फोकस फिरवतो, कर्रर्र त्याचंच. पण वेगाला ही लेन्स कमी नाही. डी ७२०० सारख्या मोटरवाल्या बॉडीवर डी मला जीपेक्षा चपळच वाटली. ‘नवी म्हणजे वेगवान’ हा समज जी हातात घेतली की पहिल्या दिवशीच गळून पडतो. ती शांत आहे, चपळ नाही. व्हिडिओ काढत असाल तर मात्र डीची घरघर कॅमेऱ्याच्या माइकमध्ये जशीच्या तशी उतरते.

काचेचं म्हणाल तर डीमध्ये ५ गटांत ६ भिंगं आहेत, ही रचना मुळात बरीच जुनी. २०११ मध्ये आलेल्या जीमध्ये ६ गटांत ७, त्यातलं एक अ‍ॅस्फेरिकल, म्हणजे साध्या गोलाईपेक्षा वेगळ्या वळणाचं. तुम्हाला दिसलेली दुधट झाक ती याच फरकातून. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असताना भिंगाच्या कडेकडून येणारे किरण मधल्या किरणांच्या जागी नेमके जुळत नाहीत, आणि उजळ कडांभोवती धुकं साचतं. अ‍ॅपर्चर बंद करत आणलं की कडेचे किरणच कापले जातात, म्हणून २.८ ला चित्र सावरतं. जांभळ्या-हिरव्या कडांच्या बाबतीत जी काही धुतल्या तांदळासारखी नाही, ते तुम्ही बरोबर पकडलंत.

अ‍ॅपर्चर मिटवणारी पाती दोन्हीत ७, पण डीची सरळ आणि जीची गोलाईची. म्हणून डीचे सातकोन. याचीच दुसरी बाजू कोणी सांगत नाही: रात्री रस्त्यावरचे दिवे एफ ११ ला काढा, डी प्रत्येक दिव्याला १४ टोकांचा कातीव तारा देते. पाती विषम संख्येत असली की टोकं दुप्पट होतात. जीचे तारे त्या मानाने बोथट. मी अजून डी बाळगून आहे ती निव्वळ या हौसेपायी.

प्रतिसाद ३

डी ७२०० चा सेन्सर लहान, त्यावर ५० मिमी म्हणजे ७५ मिमीसारखी चौकट. घरात भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागेल. ३५ मिमी एफ १.८ डीएक्स का नाही?

धागाकर्ती

भिंतीला पाठ लागलीच, खरं आहे! पण मला चेहरेच काढायचे आहेत, अख्खी खोली नाही. ३५ ने जवळ गेलं की नाक पुढे येतं आणि आत्या रागावते. ५० वरच राहते.

प्रतिसाद ४

सेकंडहँड घेत असाल तर बॅटरी (टॉर्च) घेऊन बसा. मी अशीच एक जुनी ५० फोटोंवरून पसंत केली होती. वरून लख्ख, पण प्रत्येक फोटो पांढराफटक यायला लागला. पात्यांना तेल लागलं होतं, त्यामुळे ती वेळेवर बंदच होत नव्हती. विकणाऱ्याने नंतर फोन उचलला नाही.

रिंग २२ वर ठेवा, मागच्या बाजूला एक छोटी तरफ दिसेल, ती नखाने ढकलून सोडा. पाती टचकन मिटली पाहिजेत. आळस देत मिटली तर लेन्स परत करा. पात्यांवर चमकदार ओला डाग दिसतो का तेही बघा. मग अ‍ॅपर्चर उघडं धरून पुढून बॅटरी मारा आणि मागून तिरकं बघा. धुळीचे चार कण चालतील, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, ती नको.

प्रतिसाद ५

उद्या मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घ्यायचा विचार आहे का? निकॉनच्या झेड बॉडीवर एफटीझेड अ‍ॅडॅप्टरने जी ऑटोफोकससकट चालते. डीचं अ‍ॅपर्चर, उजेड मोजणारं मीटर सगळं चालतं, फोकस मात्र हातानेच, कारण तो फिरवणारा स्क्रू अ‍ॅडॅप्टरमध्ये नाही.

आणि एक भाबडा प्रश्न. बाबांच्या एफएम २ वर सध्या काय लावलंय?

धागाकर्ती

प्रतिसाद ५ ला साष्टांग. हे मी विचारलंच नव्हतं!

काल विचारलं. बाबांनी पिशवीतून ५० मिमी एफ २ काढून समोर ठेवली. ‘एआय’ जातीची जुनी, पूर्ण हाताने चालणारी, फोकसची रिंग लोण्यासारखी फिरते. “मला दुसरी ५० कशाला? माझे ५२ मिमीचे फिल्टर त्या डीवर बसतात म्हणून बघत होतो.” म्हणजे मी त्यांच्या नावाने दोन आठवडे झोप घालवली आणि त्यांना नुसतं कौतुक होतं.

प्रतिसाद २

मग घरात तिसरी ५० आहेच की. ती डी ७२०० वर लावा, मेनूत ‘नॉन-सीपीयू लेन्स’ (चिप नसलेली लेन्स) मध्ये ५० आणि एफ २ भरा. ए (अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवायचं) आणि एम (सगळं हाताने) मोडमध्ये मीटर चालेल, फोकस जुळला की व्ह्यूफाइंडरमध्ये हिरवा ठिपका येईल. स्थिर बसलेल्या माणसाला पुरेसं आहे. बाबांचा एफएम २ वजा झाला तर मीही जीकडे झुकतो. रिंग नसल्यामुळे त्याच्यावर जी लावली असती तर प्रत्येक फोटो एफ १६ वरच निघाला असता, एवढी एकच अडचण होती. फिल्टर मात्र नवे घ्यावे लागतील, जीला ५८ चे लागतात.

प्रतिसाद १

मी पहिल्या ओळीत काय म्हटलं होतं?

धागाकर्ती

हो हो, मान्य. जी घेतेय. डी ज्यांची होती त्यांना काल परत दिली. त्याआधी प्रतिसाद ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे तपासली, पाती टचकन मिटत होती. म्हणजे ज्याच्याकडे मोटरवाली बॉडी आहे आणि लेन्स मागणारी बहीण नाही, त्याच्यासाठी लेन्स चांगली आहे. कोणाला हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, गाठ घालून देते.

परत देण्यापूर्वी मैत्रिणीची जी मागून आणली आणि स्टँड लावून त्याच पडद्याचे दोन्ही लेन्सनी फोटो काढले. एफ ४ ला कोणता कुठलीचा, ते फाइलची माहिती उघडल्याशिवाय मला सांगता आलं नाही. एफ १.८ ला बाबांनी चष्मा न लावता सांगितलं.