विषय: पिकअपला दहा प्लायचे टायर घालावेत का?

मस्कतहून

नमस्कार मंडळी,

गोव्यात वाळपईच्या वर कुळागरावर (नारळ-सुपारीच्या बागेवर) जी पिकअप असते, तिचे टायर बदलायचे आहेत. मूळ माप २६५/६५ आर१७, लोड इंडेक्स (एक टायर किती भार पेलतो त्याचा सांकेतिक आकडा) ११२. शेवटचे चार किलोमीटर जांभ्याची कच्ची वाट, मध्ये एक व्हाळ (ओढा). ओझं म्हणजे युरियाच्या दहा गोणी, मोसमात नारळ-सुपारी. टायरवाला म्हणतो, एलटी (लाइट ट्रक, म्हणजे ओझ्याच्या गाडीचा टायर) घाला, लोड रेंज ई, दहा प्लाय, मग बघायला नको. घालू का? आणि हवा किती ठेवू?

डिचोलीहून

दादा, आधी वजनकाट्यावर जा, मग दुकानात. रिकामी गाडी नेऊन पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा तोला. समजा मागे ८५० किलो भरले. युरियाची गोणी ४५ किलोची, दहा गोणी ४५०. सगळं वजन मागेच पडलं असं धरलं तरी १३००, म्हणजे एका टायरवर ६५०. वाट तिरकी असली की खालच्या बाजूच्या टायरवर भार सरकतो, खड्ड्यात दणकाही बसतो. त्यासाठी तीस टक्के चढवा, ८४५ झाले. इंडेक्स ११२ म्हणजे ३५-३६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवेला ११२० किलो. भाराच्या बाबतीत तुमचा मूळ टायर पुरून उरतो.

तुमचा शत्रू वजन नाही, जांभा आहे. उन्हाने तापलेल्या, पावसाने धुतलेल्या जांभ्याला धार असते. तो कापतो बगलेत, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीत, आणि बगलेच्या कापाला पॅच नसतो, टायर टाकूनच द्यावा लागतो. ‘दहा प्लाय’ म्हणजे आत दहा थर असतात असं नाही. ते जुन्या सुती टायरच्या काळातलं मोजमाप आहे. आजच्या रेडियलच्या बगलेत दोन, फार तर तीन थर असतात. सी म्हणजे सहा, डी म्हणजे आठ, ई म्हणजे दहा, पण ही अक्षरं मुख्यतः किती हवेला किती भार पेलेल ते सांगतात. म्हणून दुकानात अक्षर विचारू नका. बगलेत किती थर आहेत ते विचारा. टायरच्या अंगावरच ‘साइडवॉल’ शब्दापुढे छापलेलं असतं. तीन थरांचा ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही वाटांचा) मिळाला तर तो घ्या.

एलटीचा खरा फायदा जाड रबराचा आणि खोल खाचांचा. तोटेही बघा. ई टायर मूळ टायरपेक्षा सहज चार-सहा किलो जड असतो. रिकामी पिकअप त्यावर उड्या मारते, ओल्या चोर्ला घाटात ब्रेकचं अंतर वाढू शकतं, डिझेल जास्त जातं.

ह्यूस्टनहून

डिचोलीकर काकांच्या हिशेबात एक भर. इंडेक्सचा आकडा हवेशिवाय अर्धवट असतो, इथेच लोक फसतात. नुसतं उदाहरण म्हणून २६५/७० आर१७ हे माप बघा. साधा टायर ११५, म्हणजे १२१५ किलो, तेही ३५-३६ पीएसआयला. त्याच मापाचा एलटी सी ११२/१०९, म्हणजे ११२० किलो, आणि त्याला ५० पीएसआय लागतात. ई असेल तर १२१/११८, म्हणजे १४५० किलो, पण ८० पीएसआयला. (दुसरा आकडा जोडचाकांसाठी, तुम्हाला कामाचा नाही.) तेव्हा एलटी घालून दाराजवळच्या स्टिकरवरचीच हवा भरली, तर मूळ टायरपेक्षा कमी भार पेलणारा टायर घेऊन तुम्ही फिरणार. भरल्या गाडीने हमरस्त्यावर बगल तापते आणि फुटते. टायर कंपनीचा लोड-इन्फ्लेशन तक्ता बघून हवा ठरवा. ढोबळ मानाने स्टिकरपेक्षा आठ-दहा पीएसआय जास्त.

शिवाय साधे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचेच असतात. त्यापुढे जायचं तर धातूचे बसवा. आणि टायर कितीही तगडा घातला तरी गाडीची क्षमता वाढत नाही. स्प्रिंगा, अ‍ॅक्सल, रिम तेच राहतात.

मस्कतहून

मग मागे दोन ई आणि पुढे जुनेच ठेवले तर?

डिचोलीहून

नको. फोर-व्हील टाकल्यावर चारही चाकांचा घेर सारखा लागतो. नव्या-जुन्या टायरच्या खाचांतला फरक ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) येतो. पुढे मऊ आणि मागे ताठ टायर असला तर ओल्या वळणावर मागचा भाग सुटतो. पाचही एकाच मापाचे, एकाच जातीचे घ्या, स्टेपनी धरून. माप ७० वर नेण्याचा मोह नको. व्यास ७७६ मिलिमीटरवरून ८०३ होतो, काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी जवळपास ८३ ने धावते, आणि चाक पूर्ण वळवलं की टायर मडफ्लॅपला घासू शकतो.

वाटेवर शिरताना, गाडी रिकामी असेल तर मूळ जातीच्या टायरची हवा २२ वर आणा. ई असेल तर टायर जमिनीवर तेवढाच पसरायला १८ पर्यंत उतरावं लागतं. १५ च्या खाली बीड (टायरची रिमला बसणारी कड) सुटायची भीती. खताच्या गोण्या भरल्या असतील तर हवा कमी करूच नका. खाली पसरलेली बगल आणि वर ओझं म्हणजे जांभ्याला आयतं बोलावणं. डांबरी लागली की पहिल्यांदा हवा भरा, बारा व्होल्टचा कंप्रेसर गाडीत ठेवा.

व्हाळात उतरण्याआधी दगड कुठे आहेत ते काठीने चाचपा. पाण्याखाली बगल कापली तर ते पलीकडे गेल्यावरच कळतं. आणि घेताना अंगावरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. आपल्याकडच्या उन्हात तीन वर्षं दुकानात पडलेला टायर नवा म्हणून गळ्यात मारतात.