कॅन्डिडा सीओटू इन्क्युबेटरमध्ये ठेवला की तंतू काढतो, हे गॅसमुळेच का?

रानजाई:
एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे. कॅन्डिडा अल्बिकन्स या यीस्टचं (एकपेशी बुरशीचं) एकच कल्चर दोन प्लेटवर पसरलं, एक साध्या इन्क्युबेटरमध्ये ३० डिग्रीला आणि दुसरी ५% सीओटूमध्ये ३७ला. पहिलीच्या कॉलनी गुळगुळीत, स्लाइडवर गोल पेशी नि कळ्या (पेशीला फुटणाऱ्या नव्या पेशी). दुसरीची कड केसाळ, आगरमध्ये घुसलेली, लांबच लांब तंतू. हा फरक सीओटूचाच धरू का?

बुरशीवाला:
एवढ्यावर नको धरूस. तुझ्या दोन प्लेटमध्ये टेंपरेचरही वेगळं आहे ना, आणि जर्म ट्यूब टेस्टला (कॅन्डिडा अल्बिकन्स ओळखायची चाचणी) आपण साध्या हवेतच सीरममध्ये ३७ला ठेवतो तरी दोन-तीन तासांत नळ्या फुटतात. दोन्ही प्लेट ३७ला ठेव, मीडिया तोच, मग बोल.

पण सीओटूचा हात असतो हे नक्की. हवेत तो जेमतेम ०.०४%, म्हणजे ५% हे शंभरपटीच्या वर झालं, आणि आपल्या रक्तात-टिश्यूतही साधारण तेवढाच असतो. पेशीत त्याचं बायकार्बोनेट होतं, ते अॅडेनिलिल सायक्लेज या एन्झाइमला चालना देतं, सीएएमपी (पेशीतला निरोप्या रेणू) वाढतं आणि तंतूंचे जीन्स चालू होतात. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की बायकार्बोनेट बनवणारं एन्झाइम, कार्बोनिक अनहायड्रेज काढून टाकलं तर तसा म्युटंट (ते एन्झाइम नसलेला कॅन्डिडा) साध्या हवेत वाढतच नाही, ५% सीओटूमध्ये मात्र आरामात वाढतो!

मळी_आणि_मद्य:
सगळ्या यीस्टना हे लावू नका हां. क्रिप्टोकॉकस हे दुसरं यीस्ट त्याच ५% मध्ये तंतू नाही काढत, कॅप्सूल (पेशीभोवतीचं आवरण) जाड करतं. आमच्या फर्मेंटेशनच्या सॅकरोमायसिसला टाकीत विरघळलेला सीओटू फार झाला की कळ्या येणंच मंदावतं. त्याला ऑक्सिजन पूर्ण बंद केला तर एर्गोस्टेरॉल (पेशीपडद्याला लागणारं स्टेरॉल) बनत नाही, मग ते आणि ट्वीन ८० (फॅटी आम्ल पुरवणारं द्रव्य) बाहेरून द्यावं लागतं, नाहीतर थोड्या पिढ्यांनी वाढ थांबते.

रानजाई:
दोन्ही ३७ला लावते आजच. पण आमचा सीओटू इन्क्युबेटर सारखा बुक असतो, कँडल जार (बंद बरणीत पेटती मेणबत्ती) चालेल का?

बुरशीवाला:
बघायला चालेल, प्रोजेक्टमध्ये लिहायला नाही. मेणबत्ती विझेपर्यंत सीओटू ३%च्या आसपास जातो पण ऑक्सिजनही घटतो, आणि ऑक्सिजन कमी झाला तरी कॅन्डिडा तंतूंकडे झुकतो, मग कशाने झालं ते कसं सांगणार? रात्रीचा स्लॉट माग. आणि मीडियाचा पीएच आधी नि नंतर मोजच, सीओटूने तो उतरतो आणि आम्ल मीडियात तंतू दबतात.