अनुभव धागा: मिशिगनचं बिग हाऊस आणि आपण

मिशिगन युनिव्हर्सिटीची वुल्व्हरिन्स टीम आणि ॲन आर्बरमधलं त्यांचं स्टेडियम, म्हणजेच बिग हाऊस, आपल्यातल्या कितीतरी जणांचं नातं आहे याच्याशी, कुणी तिथे शिकलंय, कुणाची मुलं शिकतायत. तर अनुभव लिहा. फुटबॉल म्हणजे इथे हेल्मेटवाला अमेरिकन हं. टीम १८७९ पासूनची, १९०२ च्या पहिल्यावहिल्या रोझ बोलमध्ये (कॅलिफोर्नियातली नववर्षाची मानाची मॅच) स्टॅनफर्डला ४९-० धुतलेलं! स्टेडियम १९२७ चं, टीमचे जुने कोच फील्डिंग योस्ट यांनी हट्टाने बांधून घेतलेलं. आज जागा १,०७,६०१, त्यातली ती वरची एक जागा नंतरचे कोच फ्रिट्झ क्रिस्लर यांच्या मानाची. हेल्मेटवरचं पंखांचं डिझाइनही त्यांनीच १९३८ मध्ये आणले.

*

एमएस करताना पहिल्यांदा गेले. रस्त्यावरून बघितलं तर स्टेडियम फार उंच वाटतच नाही, कारण बराचसा भाग खोदून जमिनीखाली घेतलाय, आणि गेटमधून आत शिरलं की पायाखाली ही एवढी मोठी दरी उघडते आणि मैदान पार तळाशी. स्टुडंट सेक्शनमध्ये कुणी बसत नाही, अख्खी मॅच उभ्यानेच. बाकं सलग ॲल्युमिनियमची, वर नुसते नंबर, थंडीत सगळे जाड जाकिटं घालून आले की दहाच्या जागेत आठच मावतात.

*

सप्टेंबर २०१३, नोत्र दामविरुद्धची नाइट मॅच. बँड-स्टाफ सगळे धरून १,१५,१०९ लोक, स्टेडियमचं रेकॉर्ड! पुण्याहून बाबा आले होते, जन्मभर क्रिकेट बघितलेला माणूस. त्यांना एवढंच सांगितलं, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाही जमलं तर बॉल समोरच्याला. मोक्याच्या क्षणी लोक खिशातल्या किल्ल्या काढून खुळखुळवतात ना, बाबांनी घराच्या किल्ल्या काढल्या आणि सगळ्यांच्या आधी सुरू! ४१-३० जिंकलो.

*

२००७ ची ॲपलॅचियन स्टेटची मॅच मी तिथे बसून बघितलीय. आपण देशात पाचव्या नंबरवर, समोरची टीम खालच्या डिव्हिजनची, आणि ३२-३४ हरलो, शेवटची फील्ड गोल किक (खांबांमधून बॉल मारला की तीन पॉइंट) त्यांनी ब्लॉक केली. अजून लागतं ते. पण खरं सांगतो, ती पोरं जबरदस्त खेळली.

*

आमचा मराठी ग्रुप समोरच्या गोल्फ कोर्सवर गाड्या लावतो, तिथेच सकाळी वडापाव. नवीन येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, पर्स-बॅग आत नेण्याचे नियम आधी बघून घ्या.

*

२७ नोव्हेंबर २०२१. समोर आपले कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेट, भुरभुर बर्फ, २०११ नंतर त्यांना एकदाही हरवलेलं नव्हतं. आपल्या हसन हॅस्किन्सने पाच टचडाउन (बॉल घेऊन समोरच्याच्या टोकाला पोचणं) केले, पाच! ४२-२७. संपल्यावर सगळे मैदानात धावले, मीही, शेजारची आजी माझा हात धरून रडत होती, तिचं नाव मला आजही माहीत नाही. २०२३ च्या सीझनला टीम नॅशनल चॅम्पियन झाली, पंधरापैकी पंधरा जिंकून, तरी मला विचाराल तर तो बर्फातला दिवसच मोठा. त्या दिवशी आणखी कोण होतं तिथे?