मुंबईतील स्थलांतरितांच्या वस्त्यांचा अभ्यासदौरा : कोणते भाग निवडावेत?

इतिहास-शिक्षिका, बेळगाव

नमस्कार मंडळी. आमच्या महाविद्यालयातील पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा दोन दिवसांचा अभ्यासदौरा डिसेंबरमध्ये मुंबईला न्यायचा आहे. बाहेरगावाहून आलेल्या लोकांनी महानगरातील एखाद्या वस्तीला स्वतःचे वळण कसे दिले, हे मुलांनी प्रत्यक्ष पाहावे, हा हेतू आहे. प्राथमिक आराखड्यात भायखळा, माझगाव, धोबी तलाव, माटुंगा, लालबाग, धारावी आणि उल्हासनगर अशी सात ठिकाणे आली आहेत; पण तसे केल्यास मुले मुंबई केवळ बसच्या खिडकीतून पाहतील, अशी धास्ती वाटते. गटात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही माध्यमांतून शिकलेली मुले आहेत. कोणते भाग ठेवावेत आणि तिथे नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी सांगावे.

पूर्वी माटुंग्यात, आता टिळकवाडीत

मॅडम, दोनच भाग ठेवा आणि ते पायी फिरा. त्यांपैकी एक माटुंगा असावा. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सुधारणा ट्रस्टने दाटीवाटीच्या जुन्या शहराबाहेर दादर-माटुंग्याची आखणी केली, आणि कारकून, टंकलेखक म्हणून दक्षिणेकडून आलेल्या कुटुंबांना तिथल्या नव्या इमारतींत जागा मिळाली. माटुंग्याला गेलेले बहुतेक गट इडली आणि फिल्टर कॉफी घेऊन परततात. तेवढ्यासाठी अभ्यासदौऱ्याची गरज नाही. मुलांनी संस्था पाहाव्यात. आस्तिक समाजाचे मंदिर १९२३ चे, साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी १९३२ ची, स्थानकाजवळचे रामा नायक यांचे उडुपी बोर्डिंग १९४२ चे. देवळासाठी वर्गणी कोणी दिली, शाळेत कोणती भाषा शिकवली जात असे, बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर जेवणारे एकटे पुरुष होते की कुटुंबे, असे प्रश्न घेऊन गेले, तर वस्ती कशी रुजली हे उलगडू लागते. कन्नड भाषिकांची मैसूर असोसिएशन ही संस्थाही तिथेच आहे. आधी पत्र पाठवून परवानगी घ्या आणि तिथल्या मुलाखती कन्नड माध्यमातील मुलांवर सोपवा. परभाषिक शहरात आपली भाषा, नाटक आणि सणवार टिकवण्यासाठी संस्था उभी करावी लागते, हे आपल्या सीमाभागातील मराठी मुलांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

खानापूरकर

वरील सूचना पटते, परंतु स्थलांतरित म्हटले की केवळ परप्रांतीयच डोळ्यांसमोर आणण्याच्या सवयीला माझी हरकत आहे. दुसरा भाग लालबाग-परळचा, म्हणजे गिरणगावाचा ठेवा. मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५४ साली उभी राहिली आणि पुढे कोकण, सातारा, कोल्हापूर या भागांतून माणसे येत राहिली. आपल्या शेजारच्या चंदगड-आजऱ्यातील कित्येक घरांत गिरणीत गेलेला एखादा काका किंवा आजोबा सापडतो. बायकामुले गावी, आणि पुरुष गावमंडळाच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे, अशी ती राहणी होती. त्यामुळे खाणावळी वाढल्या. त्या बहुतेक घरगुती होत्या आणि बायका चालवत. याच बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर हे सारे विस्कटले, आणि फिनिक्स गिरणीच्या जागी आज मॉल आहे. चाळी मात्र काही ठिकाणी अजून उभ्या आहेत. निघण्यापूर्वी मुलांनी आपापल्या नात्यात एखादा निवृत्त गिरणी कामगार शोधून त्याच्याशी बोलून घ्यावे.

निपाणीचा वाचक

धारावी गाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कुंभारवाड्यातील सौराष्ट्राकडून आलेले कुंभार किंवा चामड्याच्या धंद्यासाठी आलेले तमिळ लोक अभ्यासण्याजोगे आहेत, यात शंका नाही; पण ओळखीचा स्थानिक माणूस सोबत नसताना गटाने गल्लीबोळांत शिरून लोकांच्या दारांची छायाचित्रे काढणे अशोभनीय आहे. वेळ उरल्यास धोबी तलावाजवळचे गोवेकरांचे क्लब पाहावेत. गोव्यातील एकेका गावाने आपल्या माणसांसाठी चालवलेली ही स्वस्त वसतिस्थाने होत. बोटीवरील नोकरीची वाट पाहणारे खलाशी तिथे पेटी ठेवून राहत आणि संध्याकाळी सर्वांनी प्रार्थनेला बसायचे, असा नियम असे. गावमंडळाच्या खोलीशी त्यांची तुलना चांगली होईल.

इतिहास-शिक्षिका, बेळगाव

सर्वांचे आभार. माटुंगा आणि गिरणगाव निश्चित करते; धोबी तलाव राखीव ठेवते. एक शंका आहे : मुलांनी यापूर्वी कधी मुलाखती घेतलेल्या नाहीत. त्यांची तयारी कशी करून घ्यावी?

पूर्वी माटुंग्यात, आता टिळकवाडीत

त्यासाठी मुंबईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आपल्या बेळगावातल्याच शहापूर-वडगावच्या विणकर गल्ल्यांत किंवा कॅम्पात एक रविवार घालवा. घराणे कुठून आले, पहिला माणूस कोणत्या कामासाठी आला, त्याला जागा कोणी मिळवून दिली आणि गावाकडे अजून जाणे-येणे आहे का, एवढेच चार प्रश्न द्या. घरी परतल्यावर प्रत्येकाने पानभर टिपण लिहावे. उत्तर ऐकण्याआधीच पुढचा प्रश्न विचारणारी मुले तिथेच लक्षात येतील. मुंबईत त्यांना नोंदी घेण्याचे काम द्यावे.